यूम्नाच्या कॅसेटी

खलीलने जन्मभर दोह्यात टीव्ही दुरुस्त केले आणि दोन हजार अकरा साली तो कायमचा पनवेलला परतला. आल्या आल्या त्याने माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढला. टीव्हीला जोडायचा, बटणांवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं असलेला. एकुलत्या एका लेकीसाठी, यूम्नासाठी, त्याने तो कधीकाळी पाठवला होता. यूम्ना तेराव्या वर्षी काविळीने गेली. खलील तेव्हा दोह्यातच होता, मय्यतीलाही पोचला नाही.

तिचा शेवटचा फोन मात्र त्याला पाठ होता. "अब्बा, माझा खेळ यात मावतच नाही. अर्ध्यातच मेमरी संपली म्हणतो. वाढवून द्याल?"

"येताना घेऊन येतो," तो म्हणाला होता.

हे 'येताना' त्याच्या मानगुटीवर बसलं ते उतरलंच नाही. दुकानात एकटा असला की मागून कुणी 'वाढवून द्याल?' विचारतंय असं वाटायचं. कुणी नाही हे ठाऊक असूनही हा शहाणा दरवेळी मान वळवायचा.

आता तो रोज दुपारची नमाज झाली की खिडकीपाशी कॉम्प्युटर उघडून बसे. मुंबईहून जुन्या चिप शोधून आणल्या, सोल्डरचे डाग देऊन बसवल्या, आणि मेमरी चौपट केली. त्याच्या उजवीकडे एक खुर्ची असायची. तिच्यावर दोघा नवरा-बायकोंपैकी कुणी बसत नसे. सफूरा झाडू मारतानाही ती खुर्ची हलवायची नाही, वळसा घालून जायची.

"टेपरेकॉर्डर चालू झाला का?" एवढंच ती रोज विचारायची. खलीलला वाटे, बाईला पसाऱ्याची कटकट होत असणार.

टेपरेकॉर्डर लागणारच होता, कारण त्या काळी प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवत. यूम्नाचा खेळ असा तुकड्यातुकड्यांनी कॅसेटींवर होता, आणि त्या सफूराने कपाटात आपल्या ओढणीत बांधून ठेवल्या होत्या. दमट हवेने त्यांना बुरशी धरली होती. खलीलने एक जुनी गाण्याची कॅसेट लावून पाहिली तर फितीवरचा तपकिरी थर भुकटी होऊन सुटला. म्हणजे प्रत्येक कॅसेट एकदाच वाजणार, मग संपली. त्याने परदेशातल्या हौशी मंडळींकडून कॉम्प्युटरला मेमरी कार्ड जोडायचा खोका पोस्टाने मागवला. प्रोग्रॅम एकदा कार्डावर गेला की त्याला मरण नाही.

सफूरा गव्हाणला बहिणीकडे गेली तेव्हा, तिला चकित करायचं म्हणून, त्याने ओढणीतल्या कॅसेटी काढून बेत साधला. टेपरेकॉर्डरमध्ये वायरची पिन खुपसली की त्याचा स्पीकर बंद होतो, सगळा आवाज मुकाट कॉम्प्युटरात जातो. त्या गप्प खोलीत एकेक कॅसेट फिरली, एकेक तुकडा कार्डावर उतरला, आणि मागे भुकटी राहिली. मग त्याने तुकडे जोडले. सगळा खेळ पहिल्यांदाच एका जागी मावला.

पडद्यावर चौकोनाचौकोनांचं विमान दोह्याहून उडालं. समुद्र ओलांडला, उतरलं. रिक्षा आली, बाजारातून वळली, एका दारापाशी थांबली. दार उघडलं आणि खाली इंग्रजी अक्षरांत ओळ उमटली, 'अब्बा आले'. खलील त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरून ढसाढसा रडला.

सफूरा परतली तसा त्याने तिला खेळ दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला, डोळे पुसले आणि विचारलं, "कॅसेटी कुठायत?"

"खराब झाल्या. पण सगळं कार्डावर आलंय, काळजी नको."

"सगळं?" ती म्हणाली. "ती बोलते ते पण?"

खलीलला काही कळेना.

"प्रत्येक तुकड्याच्या आधी ती कॅसेटवर बोलायची ना. कुठला तुकडा ते कळायला हवं म्हणून. आपलं नाव सांगायची, तुकड्याचं नाव सांगायची, मग ती प्रोग्रॅमची किरकिर सुरू व्हायची. ती गेल्यावर मी ऐकायचे. मग वाटलं, झिजेल. म्हणून बांधून ठेवलं. इतकी वर्षं ऐकलं नाही मी."

कार्डावर फक्त प्रोग्रॅम उतरतो, बोलणं नाही. लेकीचा आवाज त्याच्या डोळ्यांदेखत त्या वायरीतून गेला होता, आणि पिन त्यानेच खुपसली होती. हे त्याने सांगितलं. सफूरा त्याला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याने विचारलं, "काय म्हणायची?"

सफूराने डोळे मिटले. "मी यूम्ना खलील," ती म्हणाली, शेवटच्या अक्षराला हेल काढून, किंचित हसत, "अब्बांचं विमान, तुकडा पहिला." ती यूम्नाच होती.

"परत म्हण."

ती परत म्हणाली. तो पुन्हा परत म्हण म्हणाला. तिसऱ्यांदा हेल थोडा चुकला, चौथ्यांदा तो सफूराचाच आवाज होता. दोघांनाही ते कळलं, तरी तो थांब म्हणाला नाही, आणि तीही थांबली नाही.