त्रेपन्नावा दरवाजा

माझे स्नेही व्यंकटराव एका सरकारी कचेरीत खुलासे लिहीत असत. वर्तमानपत्रात कचेरीविरुद्ध काही छापून आले, की त्यांच्या वळणदार मराठीतला खुलासा साहेबांच्या सहीने रवाना होई. त्या नोकरीने त्यांना निवृत्तिवेतनाबरोबर एक ठाम मतही दिले: खुलासा निघाला, म्हणजे झाकण्यासारखे काहीतरी आहेच.

मंगळावरच्या खडकात कोरीव दारासारखी आकृती दिसणारे छायाचित्र गाजले, तेव्हा व्यंकटरावांनी ते मोठे करून दिवाणखान्यात लावले. ती जेमतेम फूटभर उंचीची नैसर्गिक भेग आहे, असे शास्त्रज्ञांनी कळवले आणि यांचा संशय पक्का झाला.

‘‘मास्तर,’’ मी निवृत्त शिक्षक असल्याने ते मला याच नावाने हाक मारतात, ‘‘भाषा बघा. शब्दन् शब्द मी लिहिल्यासारखा आहे.’’

शहागंजातल्या चहाच्या दुकानात कोणीतरी हटकून विचारी, ‘‘काय व्यंकटराव, आपल्या शहराच्या बावन्न दरवाजांत हा त्रेपन्नावा कधी धरायचा?’’

‘‘किल्ली सापडू द्या,’’ ते शांतपणे म्हणत.

हा विनोद त्यांच्या नातीला, स्वरदाला, मात्र सोसत नसे. ती भूशास्त्रात संशोधन करते. छावणीतल्या आमच्या वाचनालयात तिचे पहिले जाहीर व्याख्यान ठरले; विषय, मंगळावरचे खडक. आदल्या दिवशी ती माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, ‘‘आबा, उद्या तुम्ही ते दाराचं काढलंत तर लोक हसतील. तुम्हाला नाही, मला. मग मी इथं पुन्हा बोलणार नाही. तुमच्याशीसुद्धा.’’

‘‘म्हणजे प्रश्न विचारायचाच नाही?’’

‘‘प्रश्न विचारा. खटला भरू नका.’’

व्याख्यान संपताच व्यंकटराव उठले. मी मागून त्यांचा सदरा ओढला. उपयोग झाला नाही. श्रोत्यांत खसखस पिकली.

‘‘भेगा वेड्यावाकड्या असतात,’’ ते म्हणाले. ‘‘ही चौकट इतकी सरळ कशी?’’

स्वरदाचा चेहरा उतरला. पण तिने पडद्यावर दौलताबादच्या घाटातला काळा खडक दाखवला. ‘‘याच्याही भेगा सरळच आहेत. दोन भेगा एकमेकींना छेदतात आणि मधला तुकडा निखळतो. मंगळावर तो कधी निखळला, ते मात्र मला माहीत नाही. कुणालाच नाही.’’

व्यंकटराव उभेच. ‘‘ ‘माहीत नाही’ असं भर सभेत सांगतेस?’’

‘‘नसेल माहीत, तर काय सांगू?’’

आता कोणी हसले नाही. व्यंकटराव सावकाश खाली बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘आमच्या साहेबांनी हे वाक्य खोडलं असतं.’’

बाहेर पडल्यावर त्यांनी नातीला बजावले, ‘‘दार नाही, हे मला अजून पटलेलं नाही.’’

‘‘नका पटवून घेऊ. रविवारी घाटात येता? भेगा हात लावून बघा.’’

व्यंकटरावांनी चष्मा पुसला. ‘‘चढ फार आहे का?’’