पेटी आधी करून ठेवायची नाही

आदरणीय योहानराव पाटोळे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आपल्या चर्चच्या मंडळीनं गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि संपादकांनी मला लेख मागितला. मी सुतार माणूस. कानावरची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारायची, याच्यापलीकडे माझं लिहिणं नाही. पण योहानमामांच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षं काढलेला दुसरा कोणी नाही, म्हणून ही पाळी माझ्यावर आली. लेख गौरवाचा असला तरी त्यात मरणं फार आहेत. त्याला माझा इलाज नाही, मामांचं कामच तसं.

मी होटगीचा. वडील रेल्वेत गँगमन होते. बारावीला नापास झालो तेव्हा ते मला सोलापूरला मामांच्या दुकानात घेऊन आले. मामा लाकूड चिकटवायचा सरस उकळत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, “भितोस का रं?” मी म्हणालो, “न्हाय.” “म्हंजे खोटं बी बोलतोस,” म्हणत त्यांनी माझ्या हातात झाडू दिला. त्यांचं बरोबर होतं. दुकानाला कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत यायचं आणि ते ओढून बघायचं, अशातला मी. काळजी ही माझ्या घरातली वडीलधारी बाई असल्यासारखी सगळीकडे माझ्या आधी पोचायची.

मामांकडे दारं, चौकटी, शाळेची बाकं सगळं होई. पण आपल्या ख्रिस्ती समाजात कोणी वारलं की मयताची पेटी त्यांच्याच हातची. तिथे त्यांचा एक नियम होता: पेटी आधी करून ठेवायची नाही. निरोप आला की घरी जायचं, माप घ्यायचं, मगच फळीला करवत लावायची. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात मयत फार वेळ ठेवता येत नाही. चार तासांत पेटी उभी करताना जीव मेटाकुटीला येई. एकदा मी म्हणालो, “मामा, दोन-चार तयार ठिवू की. कुनीतरी जानारच हाय.”

मामांनी रंधा खाली ठेवला. “जानार हाय, व्हय. पन पेटी तयार असली की आपुन वाट बघाया लागतो. उपासनेला बसून मानसांची उंची मोजशील.” ती सवय मला लागलेलीच होती.

झाकणाला आतून कापड ठोकण्यापूर्वी मामा गेलेल्याचं नाव फळीवर पेन्सिलीनं लिहितात. ते कोणाला दिसत नाही. महामारीच्या वर्षी एकामागून एक निरोप येत होते, तेव्हाही त्यांनी एक नाव सोडलं नाही. देवाला नावं ठाऊक आहेत की, असं मी वैतागून म्हणालो. “त्याला हायती. मला लिवावं लागतंय. न्हायतर दुपारपातूर नुसत्या फळ्याच दिसाया लागत्यात.”

मामांना संत ठरवायचा माझा विचार नाही. सरस पातळ झाला की ते तोंडाला येईल ते बोलतात. उपासनेत ते गायला लागले की त्यांच्या शेजारचे पण सूर सोडतात. त्यांची थोरली मुलगी एकोणिसाव्या वर्षी गेली. तिची पेटी त्यांनी स्वतः केली आणि पुढे दोन महिने ते चर्चची पायरी चढले नाहीत. हे त्यांनीच मला सांगितलं आहे, लपवलेलं नाही.

महामारीच्या दोन वर्षं आधी माझी पत्नी सुनीता कॅन्सरनं अंथरुणाला खिळली. अकरा महिने दवाखाना चालला. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आता थोडेच दिवस उरलेत असं सांगितलं. तेव्हापासून माझी छाती धडधडायची ती थांबेना. घास उतरेना. दवाखान्यात तिच्या खाटेजवळ दहा मिनिटं बसलो की दरदरून घाम यायचा. दुकानात काम आहे म्हणून मी उठायचो. काम कसलं, मी पळत होतो.

त्या पळण्यातच मी जे केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मे महिना होता. ती गेली तर वेळ कमी मिळेल, माझे हात चालणार नाहीत, पेटी वाकडी होईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. एका दुपारी मामा जेवायला घरी गेले असताना मी सागाच्या चांगल्या फळ्या काढल्या आणि सुनीताच्या मापानं कापल्या. नवऱ्याला टेप लागत नाही. झाकणाच्या फळीवर तिचं नावही लिहिलं. सगळं चौकटींच्या मागे उभं करून ठेवलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. एक काम उरकलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामांना ते दिसलं. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी ती फळी उचलून बाकावर ठेवली आणि नावावरून रंधा फिरवला. नाव गेलं तरी आणखी दोन हात मारले. मग म्हणाले, “सुनीता जित्ती हाय, सुदा. तू तिला पुरून मोकळा झालास.”

मला रडू फुटलं. “तितं बसून काय करू मामा? माज्या हातात काय बी न्हाय.”

“न्हायच की. कवा हुतं? तरी गच्च धरून बसलाईस. सोड. ज्याची हाय त्याच्या हातात दे, आन तू नुसता तिच्याजवळ बस.”

दुकान बंद करून ते माझ्याबरोबर रिक्षात बसले. दवाखान्याच्या जिन्याखाली, काढून ठेवलेल्या चपलांशेजारी उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. “प्रभू, सुनीता तुजी हाय, ह्यो बी तुजाच. ह्याला आज सांजंपातूर बसायचं बळ दे. उद्याचं उद्या मागतो. आमेन.” ते तिला बरं करण्याचं मागतील अशी माझी आशा होती. एवढीशी मागणी ऐकून मला त्यांचा रागच आला. तरी मी संध्याकाळपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा जिन्याखाली हजर होते आणि त्यांनी पुन्हा तेवढंच मागितलं.

सुनीतानं विचारलं, “आज दुकान न्हाय का?” मी नाही म्हणालो. तिनं हात पुढे केला. “मग माजी नखं कापा की. लई वाडलीत.” मी कापली. अकरा महिन्यांत तिचे हात मी नीट बघितले नव्हते. ती म्हणाली, “मला वाटायचं, तुमी मला भिताय.”

“व्हय, भीत हुतो,” मी म्हणालो. तिनं हात काढून घेतला नाही.

छातीतली धडधड नेमकी कधी थांबली ते सांगता येत नाही. पाचव्या दिवशी तिला पेज भरवताना जाणवलं की धडधड आता नाही. दुःख होतं तेवढंच होतं, तसूभर कमी झालं नव्हतं. पण उद्या काय होईल ते आज धरून बसायची माझी ओढ गेली होती. ती माझ्या जोरानं गेली नाही, ती सुटका प्रार्थनेत मागून मिळाली, असंच मी मानतो. नवव्या दिवशी सकाळी सुनीता गेली. मी तिच्याजवळ होतो.

तिला घरी आणल्यावर मामा माप घ्यायला आले. पेटी त्यांनी नव्या फळ्यांची केली, एकट्यानं, वयाची सत्तरी जवळ आलेली असताना. मला खिळाही धरू दिला नाही.

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, एवढं सगळं प्रभूवर सोडल्यावर तुमचं मन कायमचं शांत झालं का? ते हसले. “छ्या. रोज सकाळी देतो, दुपारी परत मागून घेतो. सांजंला लाज वाटती, मग पुन्ना देतो.”

आता मामांचे हात थरथरतात आणि डॉक्टरांनी हृदय अशक्त झाल्याचं सांगितलं आहे. ते दुकानात स्टुलावर बसून माझ्या कामातल्या चुका काढतात. प्रभूनं त्यांना निरोगी ठेवावं, शंभरी दाखवावी आणि चुका काढायची नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवावी, ही माझी प्रार्थना. त्यांच्यासाठी एक दिवस मलाच करवत उचलावी लागणार, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि त्यांनाही. त्या दिवसाची भीती वाटत नाही असं म्हणालो तर मी अजूनही खोटं बोलतो असं ते म्हणतील. पण आज ते आहेत. दुकानात एकटेच बसलेत, तेव्हा लेख इथेच थांबवतो आणि त्यांच्याजवळ जाऊन बसतो.