दाशराजाची बायको

थळच्या कोळीवाड्यात रंगू धवलारणीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. आमच्याकडे लग्नात धवलारणीने धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हटल्याशिवाय नवरीला हळदसुद्धा लागत नाही. ती एक ओळ म्हणणार, मागून आम्ही बायका तीच म्हणणार. कुणी ओळ चुकली की रंगू भर मांडवात झापायची.

तीस सालचा चातुर्मास. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि देवळात दिनानाथभट पोथी सांगत होते. माशाच्या पोटातली मुलगी कोळ्यांच्या राजाला, दाशराजाला मिळाली आणि त्याने तिला वाढवलं, असं म्हणाले मात्र, रंगू मागून कडाडली, "त्यानं? तो तर होडीवर! पोर वाढवली कोनी?"

"त्याच्या बायकोचं नाव पोथीत नाही, बाई."

"मंग पोथी अर्धी हाय तुमची," म्हणत ती तरातरा घरी गेली.

तिला का झोंबलं, ते आम्हाला ठाऊक होतं. शेजारची जनी बाळंतपणात गेली, तेव्हा तिची तान्ही रतन रंगूनेच पदरात घेतली होती; आता ती लग्नाच्या वयाची झाली होती. त्या पावसाळ्यात तिने आम्हाला नवा धवला शिकवला. त्यात एक राजा पोरीला मागणी घालायला येतो, तेव्हा दाशराजाची बायको नवऱ्याला दटावते, "राजाला अटी घालतोस, पोरीला इचारलंस काय?" ऋषीने पोरीच्या अंगचा माशाचा वास घालवला म्हणून सगळे खूश, ही मात्र रडते. त्याच वासावर तिने अंधारातही लेक ओळखली असती. आम्हीही गाताना रडायचो.

माघात रतनचं लग्न ठरलं. नवऱ्यामुलाचा बाप रावजी म्हणाला, "धवल्यात जन्म दिलेल्या आईचंच नाव घ्या. गेलेली बाय रुसंल." एरवी कुणाचं ऐकून न घेणारी रंगू "जनीचा मान हाय तो," एवढंच बोलली. त्या दिवशी ती जेवली नाही.

हळदीला तिने सूर लावला, "नवरी कोनाची लेक? जनीची लेक..." आणि आवाज फाटला. आम्ही तीच ओळ उचलणार, तोच वरमाय केसरने, रावजीच्याच बायकोने, खणखणीत सूर लावला, "जनीची लेक, रंगूची लेक!" मग काय, अख्ख्या मांडवाने तेच धरलं. रावजी पागोटं सारखं करत बसला.

रंगूने पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"चुकलाव गं समद्या," ती म्हणाली. "आता परत चुका."