चिपाड बँडचा जयराज

वडूजपासून दोन कोसांवरच्या वाडीत नाथाजी फडतऱ्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. सव्वीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. दाढी रोज, बुटाला पॉलिश रोज आणि चहा साडेपाचला म्हणजे साडेपाचला. कप पाच मिनिटं उशिरा आला की विजयमालाबाईंना कारण सांगावं लागे. असल्या घरात जयराज जन्माला आला. देवालाही कधीकधी थट्टा सुचते, दुसरं काय!

पोरगं वाईट नव्हतं हो. दारू नाही, लबाडी नाही. पण सांगितलं ते ऐकलं, असं एकदा झालं असेल तर शपथ. सुभेदारांनी त्याला भरतीला नेलं. सोळाशे मीटरला पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढं! रेघ ओलांडली आणि न थांबता तसाच मैदानाच्या फाटकातून बाहेर. अर्ध्या तासानं सुभेदारांना तो रस्त्याकडेला भेळ खाताना सापडला. "पळता येतंय का बघायचं हुतं, आबा," तो म्हणाला, "नोकरी कुठं मागितली मी?"

मग तो सांगलीला गेला आणि फ्लेक्सच्या दुकानात लागला. वर पुढाऱ्याचा मोठा फोटो, खाली पन्नास शुभेच्छुकांची मुंडकी, निम्म्यांना काळे चष्मे. दिवसभर लोकांची मुंडकी कापून चिकटवायची. माणसाचं डोकं फिरेल नाहीतर काय! संध्याकाळी हळदीच्या एका रिकाम्या गोदामात त्यानं बँड सुरू केला. ड्रमवर अजमल, त्याचे वडील वरातीत बँड वाजवायचे, ड्रम त्यांचाच. गिटार जयराजची, भंगारातनं आणून स्वतः दुरुस्त केलेली. आणि नर्सिंग शिकणारी अंकिता गायची. गायची म्हणजे ओरडायची. ऐकणारे बारा, फार तर पंधरा. असल्या विलायती संगीताला पंक म्हणतात. बँडचं नाव 'चिपाड'.

"ह्ये पंक पंक म्हंजी काय रं, बाळा?" विजयमालाबाईंनी एकदा फोनवर विचारलं. फोन स्पीकरवर होता आणि सुभेदार पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

"आये, तिकडं वाया गेलेल्या पोरास्नी पंक म्हणत्यात. त्या पोरांनी त्येच नाव कपाळाला लावून घेतलं. आपल्यात चिपाड असतंय बघ, तसं. रस काढून घेत्यात आन् उरलेलं फेकून देत्यात. मग चिपाडानंच म्हणायचं, व्हय, आमी चिपाड. बोला पुढं."

"आन् ती फाटकी कापडं, ती केसं?"

"त्ये नुस्तं वरचं गं. खरं म्हंजी कोण परवानगी देतंय म्हणून वाट बघायची न्हाई. तीनच सूर येत्यात? बास झालं, उभं ऱ्हायाचं. जे पायजे त्ये आपल्या हातानं करायचं. कुणाच्या पाया पडायचं न्हाई आन् कुणाला आपल्या पाया पडू द्यायचं न्हाई."

"म्हंजी आडमुठेपणा," विजयमालाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाचाच की!"

पोरगं तिकडं खदाखदा हसलं. पेपरामागं सुभेदारांना मात्र 'पाया पडायचं न्हाई' एवढंच ऐकू आलं. माणसाला टोचतं तेवढंच ऐकू येतं.

पुढच्या जत्रेला जयराज गावी आला, तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या आणि मधे हा एवढा तुरा, हळदीत बुचकळून काढल्यासारखा पिवळा. एसटीतून उतरल्यापासून पोरं त्याच्या मागं. पारावरचे म्हातारे म्हणाले, "सुभेदार, कोंबडा लय झ्याक पाळलाय." झालं! सुभेदारांच्या डोक्यात तिडीक गेली. भावकी, पाहुणे, सगळं अंगण भरलेलं. त्यांनी अमृत न्हाव्याला हाक मारली, मधोमध खुर्ची ठेवली आणि बोटानं दाखवलं. "काढ ते."

सगळ्यांना वाटलं, आता बापलेकांची जुंपणार. पण जयराज गप खुर्चीवर बसला. वस्तरा घेऊन अमृतच मागं-पुढं करत होता, तर त्यालाच म्हणाला, "काका, बिनघोर काढा. परत येत्यात." पिवळे केस मातीत पडले. मग त्यानं मान झटकली, आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली, आणि दुपारच्या गाडीनं गेला. जाताना बापाकडं बघून हसलासुद्धा.

त्या दिवशी विजयमालाबाई लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला तोंडावर बोलल्या. "आवं, बाप मेल्यावर पोरगं डोकं भादरतं. तुमी जित्तेपणीच भादरून घेतलंसा."

त्यानंतर जयराज गावी आला नाही. आईला दर रविवारी फोन करायचा आणि ठेवताना न चुकता विचारायचा, "आबा बरं हायती न्हवं?" त्यात टोमणा नसायचा. तेच तर वाईट होतं. पोरानं राग धरला असता, तर बापालाही उलटा राग धरून बसता आलं असतं. सुभेदार शेजारीच असायचे. फोन घ्यावा म्हणून हात पुढं यायचा आणि गुडघा चोळून परत जायचा. असे सव्वा वर्षाचे रविवार गेले.

मग कृष्णेला तो महापूर आला. निम्मी सांगली पाण्यात. चौथ्या दिवशी कुणीतरी सुभेदारांच्या फोनवर एक फोटो पाठवला. गुळाची मोठी लोखंडी काहील पाण्यावर तरंगतेय, तिच्यात दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी बसलीय, आणि काहिलीला धरून छातीभर पाण्यात जयराज. डोक्यावर पुन्हा तुरा, पिवळाच. अजमल दुसऱ्या बाजूला. बोटी यायच्या होत्या, यायच्या होत्या, येत नव्हत्या. या पोरांनी बंद गुऱ्हाळाचं दार उचकटून काहिली बाहेर काढल्या होत्या. कुणाला विचारलं नव्हतं.

सुभेदार तो फोटो घेऊन अख्खी वाडी फिरले. पारावर गेले, अमृतच्या दुकानात गेले. "माझा जयराज हाय ह्यो," म्हणायचे, जसं काही लोकांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बायकोला म्हणाले, "मी चुकलो गं. त्याचं बराबर हाय." बाई म्हणाल्या, "मग मला काय सांगताय? लावा की फोन." पण नाही! सुभेदारांना ते समोरासमोर, ताठ उभं राहून सांगायचं होतं. रस्ते खुले झाले की जातो, म्हणाले. शिस्तीच्या माणसाची चूकसुद्धा शिस्तीत.

रस्ते खुले झाले तेव्हा अजमलचा फोन आला. जयराजला ताप होता, डोळे पिवळे झाले होते. आठ दिवस त्या घाण पाण्यात काढले होते, त्यातूनच आलेला ताप. सुभेदार सांगलीत पोचले, तर पोराच्या तोंडात नळी आणि शुद्ध हरपलेली. दोन दिवस सुभेदार खाटेशेजारी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तो डोळे उघडेल त्या क्षणी सांगायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जयराज गेला. सव्वीस वर्षांचं पोर हो!

मग सुभेदारांनी एकच धरून ठेवलं, दहावा दिवस. माणसाचं काही राहिलं असलं तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी हात जोडून बोलायचं असतं, तुझं हे करू, तुझं ते करू, आणि मनातलं बोललं गेलं की कावळा येतो. नऊ दिवस सुभेदार ओसरीवर बसून तेच घोकत होते. 'जयराज, तुझं बराबर हुतं. म्या तुझं डोकं भादराया नको हुतं. मला माफ कर.' त्यांची खात्री होती, कावळा हे ऐकल्याशिवाय शिवायचा नाही. पोर त्यासाठीच थांबलंय.

येरळेच्या काठावर भावकी जमली. सांगलीहून अजमल आणि अंकिता आले होते. पोरीचे केस निळे, डोळे रडून सुजलेले. भावकीनं सरकून दोघांना जागा दिली. सुभेदारांचे चुलतभाऊ मानसिंग कानाशी लागले, "लग्न ऱ्हायलं त्येचं, त्ये बोल पहिल्यांदा." सुभेदारांनी नाही म्हणून मान हलवली. "मला ठावं हाय काय ऱ्हायलंय. तुमी मागं सरा. दुपार झाली तरी मी हालत न्हाई."

त्यांनी पिंड ठेवला. चार पावलं मागं आले, टोपी काढली, ताठ उभं राहून हात जोडायला वर उचलले, आणि बाभळीवरनं कावळा सरळ खाली आला. इकडं नाही, तिकडं नाही. चोच मारली, भाताचा घास घेतला आणि उडाला.

"शिवला!" मानसिंग ओरडले. "पाव मिनिट सुदिक न्हाई लागलं! कशात जीव अडकला नव्हता पोराचा." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणी सुभेदारांच्या पाठीवर हात ठेवला. सुभेदारांचे हात तसेच अर्धवट वर राहिले होते. "आरं थांब की रं," ते म्हणत होते, "आरं, मला बोलू तरी दे!" माणसं हातपाय धुवायला पाण्याकडं गेली होती. अजमलनं पुढं येऊन त्यांचे हात धरून खाली घेतले.

घरी विजयमालाबाई उंबऱ्यात वाट बघत होत्या. "शिवला?"

"व्हय. लगीच."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. "मग काय म्हणालासा त्येला?"

सुभेदार उंबऱ्यातच खाली बसले. "काय न्हाई," ते म्हणाले. "त्येला माझ्याकडनं काय नकोच हुतं, विजू."