डॉक्टरांची टाच आणि थिनरचं फडकं

कारखान्यातल्या डॉक्टरकडे औषधांपेक्षा किस्से जास्त साठतात. औषधांना निदान एक्स्पायरी असते. चाकणच्या आमच्या कंपनीत गेटजवळ माझी खोली आहे आणि तिथले निम्मे किस्से पायांचे. दिवसभर सेफ्टी शूज घालणारी माणसं बूट काढून पाय दाखवणार ते मलाच. बहुतेक किश्शांत गाढव मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

*

पेंट शॉपचे बाजीरावमामा इथल्याच गावचे. कंपनीच्या जागेवर एकेकाळी त्यांचा बटाटा असायचा. एकदा त्यांच्या तळव्यावर मला वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग दिसला आणि मीच घाबरलो.

"मामा, हा त्वचेचा कॅन्सर असू शकतो. जिथे ऊन लागत नाही अशा तळव्यावरही होतो, नखाखालीही होतो..."

माझं चालू असतानाच मामांनी कमरेला खोचलेलं थिनरचं फडकं काढून डाग पुसला.

"बंपरचा रंग हाय, डॉक्टर. मोजा फाटलाय."

पुढे आठवडाभर कँटीनमध्ये लोक मला विचारत होते, "डॉक्टर, थिनर वाढू का?"

*

मग मी लेक्चर ठेवलं. डागाच्या दोन बाजू सारख्या नसतील, त्यात दोन-तीन रंग असतील, तो वाढत असेल, जखम भरत नसेल तर दाखवा. नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. काळी रेघ तिथेच राहून रुंद होत असेल तर थांबू नका. महिन्यातून एकदा तळवे नीट बघा. सगळे मन लावून ऐकत होते. शेवटी शंका विचारल्या, तर एकच हात वर झाला.

"सर, आठ नंबरचे शूज कधी येणार?"

*

लातूरच्या एका वेल्डरची भोवरी चिघळली होती. तो ती ब्लेडने तासायचा. लेक्चर ताजं असल्यामुळे मी त्याला तुकडा तपासायला पुण्याला पाठवलं. रिपोर्टमध्ये भोवरीच आली.

"मी पहिल्याच दिवशी भोवरी म्हणलो होतो की, सर."

त्यानंतर कॅन्सरचं नाव काढायच्या आधी मी ताकही फुंकून प्यायला लागलो.

*

म्हणून माझ्याच टाचेवर काळपट डाग दिसला, तेव्हा बूट चावला असं मी ठरवून टाकलं. बायको म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा असता तर?" मी त्यावर कॉर्न कॅप लावली.

*

खंडेनवमीला मशीनची पूजा. बूट दाराबाहेर, सगळे अनवाणी. प्रेसला हार घालायला मी टाचा उचलल्या. कॉर्न कॅप केव्हाच पडली होती. मागून मामांचा आवाज आला, "डॉक्टर, पाय द्या जरा."

मी हसलो. "तुमचाच रंग असेल, पुसा."

मामांनी फडकं घासलं. पुन्हा घासलं. कातडी लाल झाली, डाग होता तिथेच. आजूबाजूचं हसू थांबलं.

"डॉक्टर, ह्यो आपल्या शॉपचा रंग न्हाई. पुण्याला जा."

कॅन्सरच निघाला. सर्जननी भोवतालच्या चांगल्या कातडीसकट डाग काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. "वेळेत आलात. डॉक्टर असल्याचा फायदा," ते म्हणाले. मी मान डोलावली.

*

ऑपरेशननंतर पुन्हा रुजू झालो तेव्हा वार्षिक तपासणी सुरू होती. पहिला नंबर मामांचा, मागे अख्खं पेंट शॉप. मी म्हणालो, "चला मामा, बूट काढा."

मामा खुर्चीत बसले, पण लेसला हात लावेनात.

"आदी तुमचा पाय दावा, मग आमचा."

मी मुकाट्याने मोजा काढला. मामांनी फडकं बाजूला ठेवलं आणि खिशातून चष्मा काढला.