पंखांना जामीन

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, नाचण्यांच्या घराचं दार बंद असायचं. सगळी शारजा मासळीबाजारात नाहीतर समुद्राकाठी कॉर्निशवर, आणि हे आत. समोरासमोर दारं असली की शेजाऱ्यांबद्दल काहीतरी समज करून घ्यावाच लागतो. माझा समज असा, की वसंतराव आणि त्यांची बायको स्मिता आठवड्याचं भांडण शुक्रवारसाठी राखून ठेवतात. पुढे कळलं, वसंतराव कादंबरी लिहीत होते. भांडण असतं तर बरं झालं असतं. ते निदान संपतं. कादंबरीला त्यांनी सहा वर्षं घेतली.

वसंतराव औद्योगिक क्षेत्रातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अ‍ॅडमिनला होते. त्यांच्या खुर्चीमागे करड्या रंगाचं स्टीलचं कपाट होतं आणि त्यात सगळ्या कामगारांचे पासपोर्ट. त्या काळी ते असंच असायचं. माणूस उतरला, व्हिसाचा शिक्का झाला, की पासपोर्ट कंपनीकडे जमा. कोणाला त्यात वावगं वाटलं तरी बोलून काय करणार? कपाटाची किल्ली वसंतरावांच्या पट्ट्याला लटकलेली. बाजारात, लग्नात, गणपतीच्या आरतीत, कुठेही गेले तरी ती खुळखुळायची. बाकी माणूस स्वभावाने इतका गरीब, की लिफ्टमध्ये कोणी आधी आत शिरलं तर हे बाहेर थांबून पुढच्या लिफ्टची वाट बघणार.

त्यांचा स्वतःचा पासपोर्ट मात्र घरी, स्मिताच्या कपाटात, पैठणीखाली. ऑफिस स्टाफला ती सवलत होती.

कादंबरीचं नाव 'पंखजमा'. मी म्हटलं, हे नाव बँकेच्या स्लिपवर शोभेल. ते हसले नाहीत. कादंबरी अशी: स्वर्गातून ढकलून दिलेले देवदूत एका वाळवंटात येऊन पडतात. जवळच एक शहर आहे, शहराला वेस, वेशीवर द्वारपाल. आत काम मिळेल, जेवण मिळेल, पण पंख वेशीवर जमा करायचे. द्वारपाल प्रत्येक जोडीला चिठ्ठी लावतो, कोठीत रचून ठेवतो आणि कुलूप घालतो. मग देवदूत विटा वाहतात, विहिरी खणतात आणि स्वर्ग आठवून उसासे टाकतात. त्यांच्यात तेजोनिधी नावाचा एक हळवा देवदूत आहे, तो नायक. तो फार बोलतो आणि सगळं उपमा देऊन बोलतो. शेवटी कोठी फोडून तो आपले पंख घेतो आणि उडून जातो.

तुमच्या लक्षात आलं ना? आमच्याही आलं. लक्षात न आलेला एकच माणूस होता, आणि कादंबरी त्यानेच लिहिली होती.

पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने ती ९९ साली काढली. प्रती आल्या त्या सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या बॅगांतून, लोणच्याच्या बरण्या आणि गोडा मसाला यांच्या मधोमध. माझ्या प्रतीला शेवटपर्यंत हिंगाचा वास होता. किंमत बारा दिरहम, म्हणजे एकशेचाळीस रुपये, म्हणजे चार शावर्मे. हा हिशेब आमच्या ह्यांनी वसंतरावांच्या तोंडावर केला.

पैशांचं वसंतरावांना काही नव्हतं. त्यांना हवा होता अभिप्राय. जिन्यात, लाँड्रीवाल्याकडे, खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, दूध घेताना गाठायचे आणि मान वाकडी करून विचारायचे, "वाचलंत?" हो म्हटलं तर, "मग?" या 'मग'ला घाबरून चौथ्या मजल्यावरचे लोक जिन्याने जायला लागले. शेवटी मीच म्हटलं, एका शुक्रवारी सगळ्यांना बोलावते, एकदाच काय ते ऐकून घ्या.

जमलो आम्ही दहा-बारा जण आमच्या हॉलमध्ये. स्मिताने शिरा आणला होता. त्यांची मुलगी अंतरा कोपऱ्यात हेडफोन लावून बसली होती. तिला मराठी वाचता येत नाही, पण आईने गोष्ट सांगितली होती. खाली टेलरिंगचं दुकान चालवणारी शहरबानू आली होती. ती दापोलीची, मराठी शाळेत शिकलेली, आमच्यापेक्षा जास्त वाचणारी. आणि विलास. विलास वसंतरावांच्याच कंपनीत क्रेन चालवायचा, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, म्हणजे कॅम्पवर, राहायचा आणि शुक्रवारी ज्याच्या घरून फोडणीचा वास येईल त्याच्या घरी जेवायचा.

सुरुवात शहरबानूने केली. "आमच्यात फरिश्ते चुका करत नाहीत, वसंतराव. त्यांना कोण ढकलणार? पण तुमचे आहेत म्हणून चालवून घेतलं."

"गंधर्व घेतले असते तर पुण्याचे लोक शास्त्र काढून बसले असते," वसंतराव म्हणाले. "म्हणून देवदूत."

"ते राहू दे. मला सांगा, किल्ली द्वारपालाच्या कमरेला. मग कोठी फोडायची कशाला? त्याच्याकडे कुणी नीट मागितलंच नाही का?"

"मागून कसा देईल तो? वरून हुकूम लागतो."

"बघा! बघा!" विलास मांडीवर थाप मारून ओरडला. "द्वारपाल पुस्तकात शब्दानशब्द हेच बोलतो!"

हॉल हसला. आमचे हे गंभीर चेहरा करून म्हणाले, "नाही पण वसंतराव, मानलं तुम्हाला. स्वतःवर असं लिहायला छाती लागते."

"स्वतःवर?"

"द्वारपालावर हो. मी तर असं लिहिलं नसतं. जबल अलीच्या ऑफिसात माझे पण साहेब आहेत, उद्या वाचलं म्हणजे?"

वसंतरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी चेष्टा करत नव्हतं, हीच पंचाईत होती. अंतराने एका कानाचा हेडफोन काढला. "डॅड, कमॉन. द डोअरकीपर इज सो ऑब्व्हियसली यू. इव्हन द कीज!"

"मी तेजोनिधी आहे," वसंतराव हळूच म्हणाले.

मला हसू आवरेना, आणि स्मिताने घाईघाईने शिऱ्याचं भांडं पुढे केलं.

त्यानंतर दोन आठवडे वसंतराव माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' बोलत होते. एक दिवस लिफ्टमध्ये सापडले. पळायला जागा नव्हती, म्हणून मन मोकळं केलं.

"वहिनी, तुम्ही लोक मला ओळखता ना, म्हणून तसं वाचता. ज्याने मला कधी पाहिलेलंच नाही, त्याने वाचलं पाहिजे. त्याला पुस्तक दिसेल."

"आणि तेजोनिधी दिसेल."

"हो, दिसेल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

जुलैत पुण्याला प्रकाशक वाचकांची एक संध्याकाळ ठेवणार होता. लेखकाने यायचं, ज्यांनी वाचलंय त्यांनी समोर बसून बोलायचं. वसंतरावांनी सुट्टी मंजूर करून घेतली, तिकीट काढलं, रोल्याच्या बाजारातून क्रीम रंगाचा झब्बा आणला. त्या झब्ब्याची इस्त्री करताना स्मिता म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढे उतावळे नव्हते हो." वीस वर्षं आखातात काढलेल्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी लोक काहीतरी सांगणार होते, आणि ते पासपोर्टबद्दल नसणार होतं.

मे संपता संपता विलासचे वडील घरी घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन ठरलं. विलास एकुलता एक. सुट्टी लगेच मंजूर झाली, पण पासपोर्ट अडला. कंपनीचा नियम होता: कराराच्या मध्येच घरी जायचं तर एका सहकाऱ्याने जामीन राहायचं. जाणारा परत येईपर्यंत जामीनदाराचा पासपोर्ट कपाटातून हलायचा नाही. आणि जुलैत इकडे शाळांना सुट्टी, तेव्हा ज्याला त्याला घरी जायचं होतं.

तो नाचण्यांकडे आला तेव्हा मी तिथे भांडं परत द्यायला गेले होते. अशा वेळी भांडं पटकन परत देता येत नाही.

"साहेब," विलास दारातूनच म्हणाला, "द्वारपालाकडे मागायला आलोय. नीट."

"चेष्टा नको, विलास. जामीनदार आण, त्याच दिवशी देतो."

"कुठून आणू? अख्खा कॅम्प पालथा घातला. सगळे युसुफचं नाव काढतात."

युसुफ कोणासाठी तरी जामीन राहिला होता आणि तो माणूस परतलाच नाही. युसुफची मुलगी तिकडे चालायला लागली, हा इथेच.

"मॅनेजरला भेट."

"भेटलो. तो म्हणतो, नाचणे विल टेल यू द प्रोसिजर."

वसंतरावांनी प्रोसिजर सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मी भांड्याच्या बुडाकडे पाहिलं. त्या वेळी मी एक अक्षर बोलले नाही, हे स्मिता आजही साक्षीला सांगेल.

"परत येशील ना?" त्यांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं, साहेब? म्हातारा उभा राहिला की येतो."

"जुलैच्या आधी?"

"आता ते मी कसं सांगू? डॉक्टरलाच माहीत नाही."

वसंतराव बराच वेळ टेबलक्लॉथची घडी सरळ करत बसले. मग म्हणाले, "स्मिता, माझा पासपोर्ट कुठे आहे?"

"तिकिटाबरोबर."

"तिकीट राहू दे. पासपोर्ट आण."

स्मिता जागची हलली नाही. "नीट विचार केलात?"

"नाही. केला तर होणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला पासपोर्ट स्वतःच्या हाताने त्या कपाटात ठेवला आणि विलासचा काढून त्याला दिला. मॅनेजर म्हणे दोनदा म्हणाला, "नाचणे, आर यू शुअर?" आमच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी आदल्या दिवशीच पसरली होती, भांडं परत देऊन मी घरी आले तेवढ्या वेळात.

विलास गेला. जून गेला. म्हाताऱ्याच्या जखमेत पाणी झालं, मुक्काम वाढला. आमच्या मराठी मंडळात दोन तट पडले, विलास येणार आणि विलास येणार नाही. दुसऱ्या तटाची माणसं जास्त होती, पण वसंतराव आले की विषय क्रिकेटवर जायचा. तिकीट परत केलं, त्यात पैसे कापले गेले. झब्बा हँगरला. मी मात्र चिडवायचं सोडलं नाही. अचानक सोडलं असतं तर त्यांना भीती वाटली असती. "काय, कुठवर आले तुमचे देवदूत?" असं विचारलं की म्हणायचे, "येतील, इन्शाल्ला." आणि स्वतःशीच मान हलवायचे.

पुण्याची संध्याकाळ जवळ आली तेव्हा त्यांनी फोनकार्ड घेऊन विलासला फोन लावला. "एक काम कर. तू जा तिथे. मागे बस. कोण काय म्हणतं ते नीट ऐक. मध्ये तोंड घालू नकोस."

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी विलास विमानतळावरून टॅक्सीने थेट नाचण्यांकडेच आला, बॅगेसकट. मी तेव्हा तिथे का होते ते विचारू नका. वसंतराव उठून उभे राहिले, त्याला खाली-वर पाहिलं, म्हणाले, "वडील?"

"काठी घेऊन अंगणात फिरतात. शिव्या पूर्वीसारख्या."

"बस." आणि तो बसतो न बसतो तोच, "मग?"

विलासने आधी पाणी मागितलं. प्यायला. "पंचवीसेक माणसं होती. पोहे चांगले होते. एक रिटायर्ड प्रोफेसर म्हणाले, भाषा उत्तम, पण पंख काढून दुसऱ्याच्या कोठीत ठेवतात हे काही पटत नाही. कोण ठेवू देईल?"

स्मिता फस्सकन हसली.

"मग एक बाई उठल्या. म्हणाल्या, द्वारपाल फार काळा रंगवलाय, इतका निर्दय माणूस असतच नाही. तेव्हा मी उभा राहिलो."

"तुला सांगितलं होतं तोंड घालू नकोस म्हणून!"

"राहवलं नाही, साहेब. मी म्हटलं, बाई, तो निर्दय नाही, नियमाला भितो. मी त्याच्याच कोठीतून आलोय. माझ्यासाठी त्याने स्वतःचे पंख आत ठेवले, म्हणून मी इथे बसून तुमचे पोहे खातोय."

"मग? काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रकाशकाने नट आणलाय."

मी वसंतरावांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तेजोनिधीबद्दल?"

विलासने स्मिताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कोणीही मदतीला गेलं नाही.

"त्याचं नाव कुणी काढलं नाही, साहेब."

"एकानेही?"

"एकानेही नाही."

"प्रोफेसरांनीसुद्धा?"

"त्यांनी तर मुळीच नाही."

मला वाटलं, आता पुन्हा दोन आठवडे 'हो' आणि 'नाही'. पण वसंतराव म्हणाले, "खलास," आणि हसले. असे हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, मोठ्याने आणि खांदे हलवत. आतून अंतरा काय झालं ते बघायला बाहेर आली.

जेवण झाल्यावर विलासने शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "घ्या साहेब, जमा करून घ्या. तुमचा सोडवा."

वसंतरावांनी तो उचलला. सवयीने फोटोचं पान उघडून पाहिलं, एक्झिटचा शिक्का पाहिला, एंट्रीचा पाहिला. मग मिटून परत त्याच्यापुढे सरकवला.

"आज ऑफिस बंद आहे. उद्या घेऊन ये. आजचा दिवस तुझ्याकडेच राहू दे."

"उद्या मिळेलच असं धरून चाललाय?"

"हो."

विलासने पासपोर्ट खिशात घातला, वरून बटण लावलं, आणि स्मिताला विचारलं, बासुंदी उरलीय का.