इंदापूरच्या टोपलीतले टॉर्टिया

मोरगावच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि दिवेलागणीच्या आत पुण्याला परतायचं, हा माझा दरवर्षीचा नेम. यंदा दर्शन उरकून देवळाबाहेर चपला शोधत होते, तेवढ्यात इंदापूरहून रेहानाचा फोन आला. रेहाना म्हणजे बारामतीच्या कॉलेजातली माझी वसतिगृहातली मैत्रीण. एरवी आधी हवापाण्याचं बोलणारी बाई, त्या दिवशी एकदम म्हणाली, "सुनंदा, मक्याची ती पातळ भाकरी कुठं मिळती गं? टॉर्टिया का काय म्हणत्यात ती?"

हकीकत अशी होती. तिचा मुलगा इरफान मेक्सिकोत नोकरीला. तिथंच त्यानं मारिसोलशी लग्न केलं. ती पहिल्यांदाच सासरी आली होती आणि तिला दिवस गेले होते. रेहानानं सुनेसाठी बिर्याणी रांधली, शीरखुर्मा केला, सगळं काचेच्या ठेवणीतल्या भांड्यांत वाढलं. पोरगी दोन घास खायची, हसायची आणि आत जाऊन ओकून यायची. काय खावंसं वाटतं विचारलं, की सगळं छान आहे म्हणायची. शेवटी आदल्या दिवशी तिनं नवऱ्याजवळ टॉर्टियाचं नाव काढलं होतं.

"इरफान म्हनतोय, ह्या आठवड्यात खायला लागली न्हाय तर परत नेतो तिला. अशी गेली तर परत कशाला येतीया ती?" रेहाना म्हणाली. "तू अमेरिकेत ऱ्हाऊन आलीयस. तुला कळतंय त्यातलं."

लेकीकडे टेक्सासला राहून आल्याची मिजास मी रेहानापुढे बरीच मिरवली होती. आता ती निस्तरणं आलं. पुण्याची गाडी सोडली आणि बारामतीची एसटी धरली.

मोरगाव सोडलं की बराच वेळ कोरडं रान लागतं. बाजरीची धाटं, बांधावरच्या बाभळी, त्यांच्या सावलीला बसलेल्या शेळ्या. मग कालव्याचं पाणी दिसायला लागतं आणि बघता बघता दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. उसाच्या मधेमधे मक्याचे हिरवेगार पट्टे होते. एवढा मका आजूबाजूला असताना त्याची भाकरी मिळणार नाही असं कसं होईल, असं मला वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बारामतीत पहिल्याच किराणा दुकानात मी ऐटीत विचारलं, "मक्याचं काय आहे तुमच्याकडे?"

"भरडा हाय की," दुकानदार म्हणाला. (भरडा म्हणजे जाडसर दळलेला मका, जनावरांचं खाद्य.) "पोतं देऊ? म्हशी किती हायत तुमच्या?"

"म्हशी नाहीत. माणसांनी खायचाय. सून आहे, गरोदर आहे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू सासुरवासाची तक्रार आता तोच नोंदवणार. इकडे मका म्हणजे मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा), मका म्हणजे दूध वाढायचं साधन. कणसं भाजून हौसेनं खातील, पण पाहुण्याच्या ताटात मक्याची भाकरी वाढणं म्हणजे त्याचा अपमानच.

पुढच्या दुकानात मक्याचं पीठ मागितलं, तर पांढरं मऊसूत कॉर्नफ्लोअर पुढं आलं. "मंचुरियन करायचंय का काकू?" तिसरीकडे टॉर्टिया होते, पण मैद्याचे. पायाचे तुकडे पडायला आले. शेवटी एका नव्या काचेच्या मॉलवजा दुकानात काउंटरवरच्या मुलीनं फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि मटारच्या पिशव्यांखालून एक गोठलेलं पाकीट काढलं. मक्याचे टॉर्टिया! मुदतही बाकी होती.

"येवढं एकच हाय," ती म्हणाली. "कुनी नेतच न्हाय. चवीला कसं असतंय वो?"

"भाकरीच्या चुलत बहिणीसारखं," मी म्हटलं. मला एवढा आनंद झाला होता, की तिला मिठीच मारणार होते.

पाकीट टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि इंदापूरची गाडी पकडली. काटेवाडी मागं पडली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती आणि इकडे माझ्या मांडीवर पाणी ठिबकत होतं. शेजारच्या आजोबांनी दोनदा वाकून पाहिलं. मग न राहवून म्हणाले, "मासळी हाय व्हय?" मी नाही म्हटलं, तरी ते जरा सरकूनच बसले.

इंदापूरला पोचले तेव्हा सांज झाली होती. मारिसोल ओसरीत खुर्चीवर बसली होती. चेहरा कोमेजलेला, पण मला पाहून उठून उभी राहिली आणि "नमस्कार" म्हणाली. परक्या घरात वावरणाऱ्या माणसाचा तो नेमका, जपून केलेला नमस्कार पाहून मला वाईट वाटलं. थोड्या वेळानं ती ताकाचा पेला घेऊन खोलीत झोपायला गेली.

रेहानानं आणि मी बेत ठरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी राजमा, टोमॅटोची भाजून केलेली चटणी, कोथिंबीर, लिंबू आणि गरम टॉर्टिया. पाकीट आतून ओलं झालं होतं, म्हणून मी टॉर्टिया सुटे करून फडक्यात ठेवले आणि समोर दिसली त्या वेताच्या टोपलीत झाकून टाकले. रेहाना तेव्हा राजमा निवडत होती. तिनं पाहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळी जाग आली ती खमंग फोडणीच्या वासानं. मागोमाग रेहानाची किंकाळी. मी धावत स्वयंपाकघरात गेले.

चुलीपाशी तिची मोठी नणंद, हलिमाआपा, उलथनं घेऊन उभ्या होत्या. त्या माहेरीच राहायच्या; आदल्या दिवशी शेजारच्या लग्नघरी होत्या आणि रात्री उशिरा परतल्या, त्यामुळे आमचा बेत त्यांच्या कानावरच नव्हता. त्या घरात सगळ्यांच्या आधी उठायच्या आणि उठल्या की पहिल्यांदा शिळ्याची टोपली बघायच्या. मी टॉर्टिया ठेवले होते ते नेमके त्याच टोपलीत. रात्रभरात ते कडक झाले होते. आपांनी शिळ्या भाकरीचं जे करायचं तेच केलं. सगळे चुरले आणि कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो घालून त्यांचा कुस्करा (शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला चुरा) केला.

"अवो आपा, ते मारिसोलसाठी आनलं हुतं! आख्ख्या बारामतीत तेवढंच एक पाकीट हुतं!"

"मला काय ठावं? वाळलेल्या भाकरी दिसल्या," आपा गडबडल्या. "लयच पातळ थापल्यात म्हनलं कुनी तरी."

रेहाना मटकन खालीच बसली. "आता तिला काय घालू? पोटुशी बाईला शिळं वाढू व्हय?" ती रडायला लागली. सगळा घोळ माझाच होता.

आणि दारात मारिसोल उभी होती. न बोलावता ती स्वयंपाकघरात येण्याची ही पहिलीच वेळ, असं रेहानानं नंतर सांगितलं. ती सरळ कढईपाशी गेली, वास घेतला, आपांच्या हातातलं उलथनं घेऊन त्यावरचाच घास तोंडात टाकला. मग दुसरा. मग खाली बसून कढईतूनच खायला लागली. आम्ही तिघी पाहत होतो. ती आत धावली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र चाललं होतं.

इरफान आला तेव्हा त्यानं तिचं बोलणं आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडे रात्रीचे टॉर्टिया उरले, की सकाळी तिखट चटणीत परततात. चिलाकिलेस म्हणतात त्याला. तिची आई रोज करायची.

"मारी म्हनती, हे आमच्याकडं पाहुन्याला देत न्हाईत. फक्त घरच्यांना."

इतके दिवस रेहाना सुनेला पाहुण्यासारखं ताजं, उत्तम, काचेच्या भांड्यांतलं वाढत होती, आणि ती पोरगी पाहुणीसारखं दोन घास खाऊन उठत होती. चूक कुणाचीच नव्हती.

त्या दुपारी आपांनी इरफानला गिरणीत पिटाळून मका दळून आणला. मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. पहिल्या दोन भाकऱ्या तव्यावर जाताना मोडल्या. मग आपांनी पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं आणि मारिसोलनं तळहातांवर भाकरी थापून दाखवली. तिची चांगली गोल झाली. मग तशाच बऱ्याच झाल्या, तेव्हा आपांनी त्यातल्या चार उचलून बाजूला ठेवल्या.

"अहो आपा, त्या वाढा की गरम गरम," मी म्हटलं.

"त्या उद्याच्या हायत," आपा म्हणाल्या. "ताजं केल्याबिगर शिळं कुठनं यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच मी पुण्याची गाडी धरली. खिडकीतून उजनीचं पाणी दिसत होतं. आयुष्यभर मी घरी आलेल्या प्रत्येकाला ताजं वाढलं, त्याचा मला अभिमानही होता. लग्न होऊन आलेल्या माझ्या सुनेलाही अजून मी शिळं विचारलेलं नाही. ती माझ्याकडे नेहमी जपून बोलते. ते का, याचा मी कधी विचार केला नव्हता.

भिगवणच्या पुढं रेहानाचा फोन आला. हसत होती की रडत होती, कळेना.

"इरफान तिला परत नेणार होता, त्या तिकिटाचं काय झालं गं?" मी विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे. ऐक. तू गेल्यावर मी जरा पडले हुते, उठून बघती तर मारी स्वयंपाकघरात. आपांकडनं शिकली असंल. मला हाक मारून म्हनती कशी, 'अम्मी, शिळं हाय का?'"